बिनआठीच्या कुंदाबाई

कुंदाबाई झोपे यांच्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या होत्या. त्या रागाच्या नव्हत्या. जळगावच्या उन्हात डोळे बारीक करायची सवय म्हणा, लांबचं दिसत नसताना चष्म्याला नाही म्हणायचा हट्ट म्हणा, नाहीतर माहेरकडून आलेलं लेणं म्हणा, होत्या एवढं खरं. बाई स्वतः इतकी मऊ, की ओट्यावर चढलेल्या मांजराला हाकलतानासुद्धा आवाज खाली. पण हे कुणाला कळायला वाव नव्हता. समोरचा माणूस आधी कपाळ बघे आणि तिथेच त्याचं बोलणं आटोपे.

या आठ्यांनी कुंदाबाईंचं बरंचसं काम परस्पर केलं होतं. कन्याशाळेत त्या भूगोल शिकवत. वर्गात पाऊल टाकलं की मुली आपोआप नकाशे उघडत. दूधवाला त्यांच्या दारात माप काठोकाठ भरी. स्टेशनवरचे रिक्षावाले इतरांना सांगत त्यापेक्षा कमी भाडं सांगत, वर 'बसा ना ताई' म्हणत. आणि नवरा, रुपचंदभाऊ, पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा शांत गृहस्थ. त्यांनी तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी शोध लावला होता की बायकोला काही विचारायची गरजच नाही. कपाळ पाहिलं की उत्तर मिळतं. दुकानात ते आधी वस्तू बघत, मग कपाळ बघत, आणि दुकानदाराला म्हणत, "नको हो, राहू द्या." त्यामुळे झोप्यांच्या घरात वस्तू फार कमी होत्या आणि भांडणं अजिबात नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी झाली आणि हर्षाने काढलेल्या फोटोंचा रोल धुऊन आला. हर्षा म्हणजे कुंदाबाईंची एकुलती एक मुलगी. दीपनगरच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती आणि पहिल्या पगारातून तिने कॅमेरा घेतला होता. फोटो फार सुरेख आले होते. आकाशकंदील सुरेख, रांगोळी सुरेख, रुपचंदभाऊ नव्या सदऱ्यात सुरेख. आणि प्रत्येक फोटोत एका कडेला, शेजारच्यांशी नुकतंच कडाक्याचं भांडण करून आल्यासारख्या कुंदाबाई. एका फोटोत तर त्या खळखळून हसत होत्या. तोंड हसत होतं आणि कपाळ कुणालातरी दम देत होतं.

"आई, हा बघ, यात तू त्यातल्या त्यात बरी आलीस," हर्षा म्हणाली. त्या फोटोत कुंदाबाईंची पाठ होती.

त्या रात्री कुंदाबाई जेवल्या नाहीत. रुपचंदभाऊंनी कपाळाकडे पाहिलं, ते नेहमीसारखंच होतं, म्हणून त्यांना वाटलं सगळं ठीक आहे.

शेजारच्या लताबाईंना मात्र वास लागला. लताबाईंना कॉलनीतल्या कुणाच्याही दुःखाचा वास लागे आणि प्रत्येक दुःखावर त्यांच्याकडे एक पत्ता असे. कॉलनीतली अर्धी मूळव्याध आणि बरीचशी लग्नं त्यांच्याच पत्त्यांवर मार्गी लागली होती. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "कुंदाताई, रिंग रोडच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईचे डॉक्टर येतात, माहिती आहे? चामडीचे. ते कपाळात इंजेक्शन देतात. आठी गायब!"

"अगं, कपाळात इंजेक्शन?"

"मग काय कमरेत देतील? आठी कुठे आहे?"

कुंदाबाई तयार झाल्या. पण एक अडचण होती. ते औषध एका लहानशा बाटलीत येई, आणि बाटली एकदा फोडली की लगेच संपवावी लागे. एका कपाळासाठी डॉक्टर बाटली फोडायला तयार नव्हते. चार-पाच कपाळं तरी हवी होती. लताबाई पदर खोचून कामाला लागल्या. साड्यांच्या भिशीला बायका जमवाव्यात तशा त्यांनी बायका जमवल्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका तयार झाल्या आणि नवऱ्याला कळल्यावर नातयार झाल्या. सराफ बाजारातल्या एका सूनबाईंना कपाळावर काहीच नव्हतं, पण पुढे होऊ नये म्हणून त्या आल्या. दालमिलवाल्यांच्या दोन जावा आल्या, त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी लताबाई स्वतःचं कपाळ घेऊन उभ्या राहिल्या आणि कोरम भरला. इंजेक्शनचा दर इथे सांगत नाही. रुपचंदभाऊंना तो अजून माहीत नाही.

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला मुंबईचे, म्हणजे भराभर. त्यांनी सगळ्या बायकांना ओळीने बसवून समजावलं. "हे बघा, यात सुरकुती भरत नाही की चामडी ओढत नाही. आठी घालणारा जो स्नायू आहे, त्याला आपण सुट्टी देतो. आज टोचलं की आज काही दिसणार नाही. तीन-चार दिवसांनी फरक सुरू होईल, पंधरवड्यात पूर्ण. पुढे तीन-चार महिन्यांनी स्नायू परत कामावर रुजू होतो. थोडं लाल होईल, कुणाचं डोकं दुखेल. क्वचित पापणी किंवा भुवई जरा इकडेतिकडे होते, तीही आपोआप ठिकाणावर येते."

"दुखतं का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं."

"लाल की काळी?"

डॉक्टरांनी हा प्रश्न मुंबईत कधी ऐकला नसावा. ते जरा थांबून म्हणाले, "मधली." मग कुंदाबाईंना खुर्चीत बसवून हातात पेन घेऊन म्हणाले, "आता आधी चेहरा अगदी सैल सोडा. शांत. रागावू नका."

"सैलच आहे."

"नाही, आठी नको. रिलॅक्स."

"डॉक्टर, हे सैलच आहे," कुंदाबाई कळवळून म्हणाल्या. "म्हणून तर आले."

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि फार आदराने त्या आठ्यांकडे पाहिलं. पेनाने ठिपके काढले, बर्फ लावला, आणि टोचलं. मुंगी लालच होती. पण कुंदाबाईंनी हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी बर्फाचं आहे असं सांगितलं.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "चार तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही, आणि कपाळ अजिबात चोळायचं नाही. काय नाव म्हणालात?"

"झोपे."

कंपाउंडर हसला. डॉक्टरही हसले. "झोपेबाई, चार तास झोपायचं नाही," असं त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. कुंदाबाईंना लग्न होऊन या घरात आल्यापासून या आडनावावरचे सगळे विनोद पाठ होते. त्या हसल्या नाहीत, आणि कपाळ तसं असल्यामुळे डॉक्टरांनी तिसऱ्यांदा म्हणायचं टाळलं. आठ्यांची ती शेवटची मोठी कामगिरी.

सरळ ताठ मानेने, रिक्षात खड्डा आला तरी न वाकता कुंदाबाई घरी आल्या, आणि बघतात तर ओसरीवर धुळ्याचे नाना बसलेले.

नाना म्हणजे मोतीलालनाना, रुपचंदभाऊंचे थोरले बंधू. एस.टी.तून निवृत्त होऊन धुळ्यातच राहिलेले. नोकरीतली गाड्या वेळेवर सोडायची सवय त्यांना अजून होती. फक्त आता ते गाड्यांऐवजी नातेवाइकांची लग्नं सोडत. सोबत मंजुळाअक्का होत्या, कुंदाबाईंच्या मोठ्या जाऊबाई. कधीही न कळवता येणं हा नानांचा हक्क होता आणि आल्याबरोबर धाकट्या सुनेने पायाला हात लावणं हा रिवाज होता. कुंदाबाईंनी सव्वीस वर्षांत तो एकदाही चुकवला नव्हता.

त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. नानांनी पाय थोडे पुढे सरकवले. कुंदाबाईंनी पायांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि विजेच्या खांबासारखं सरळ राहून दोन्ही हात जोडले. "नमस्कार नाना. नमस्कार अक्का. कधी आलात?"

नानांनी पाय हळूच मागे घेतले.

"ठीक आहे," ते रुपचंदभाऊंकडे वळून म्हणाले. "जळगाव आता महानगर व्हायला निघालंय म्हणतात."

अक्का जवळ आल्या. "कुंदा, कपाळाला काय झालं? लाल गांधी उठल्यात."

"डास, अक्का."

"भर दुपारी? थांब, तुळशीचा रस चोळते. अश्शा जिरतात बघ." अक्का तुळशीची पानं घेऊन आल्या. कुंदाबाई एक पाऊल मागे सरकल्या. अक्का एक पाऊल पुढे. असं करत दोघी जावा स्वयंपाकघरातून मागच्या अंगणापर्यंत गेल्या. तिथे धुणं धुवायच्या दगडाशी अक्कांनी माघार घेतली, आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माझा हात लागू देत नाहीस. सांग, काय चुकलं माझं?"

दोन अपमान झाले, तेही चहाच्या आधी. चहानंतर नानांनी आपलं काम काढलं. धुळ्याला हायवेवर सुकदेव फालक म्हणून आपल्याच समाजातले गृहस्थ होते. ट्रकच्या सुट्या भागांचं भलंमोठं दुकान, मुलगा एकटा, घर तीन मजली. त्यांनी हर्षाचं नाव काढलं होतं. फक्त सुनेने नोकरी करायची नाही, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

"तुळशीचं लग्न झालं की येतील बघायला," नाना म्हणाले. "रुपचंद, असं स्थळ चालून येत नाही."

रुपचंदभाऊंनी कपाळ पाहिलं. औषध अजून कामाला लागलं नव्हतं; दोन्ही आठ्या जागेवर होत्या, किंबहुना सुजेमुळे जरा अधिकच. ते म्हणाले, "बघू नाना. येऊ द्यात, मग बघू."

रात्री हर्षा दीपनगरहून आली तेव्हा तिला हे कळलं. ती मुळीच रडली-बिडली नाही. तिने आईच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "येऊ देत. मला लग्नच नको असं नाही ग. पण ही नोकरी मी नाही सोडणार. तू आहेस ना? तू नुसती बघ त्यांच्याकडे. मागच्या तिघांसारखे हेही जातील." मागची तीन स्थळं खरोखरच पोहे अर्धवट टाकून उठली होती आणि कुंदाबाईंनी त्यांना एक अक्षर वावगं बोललेलं नव्हतं.

कुंदाबाईंचं इंजेक्शन तर घेऊन झालं होतं. पण मुलीला सांगायचं काय?

चौथ्या दिवशी सकाळी त्या आरशापुढे उभ्या राहिल्या आणि आठी घालून पाहिली. आठी निम्मीच आली. पुढच्या आठवड्यात ती येईनाशी झाली. कपाळ कसं, नुकतंच सारवल्यासारखं दिसत होतं. कुंदाबाई स्वतःकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. आरशातली बाई त्यांना आवडली. तिचं नाव विचारावंसं वाटलं.

रुपचंदभाऊंच्या लक्षात काही आलं नाही, पण जेवताना ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "खोलीत उजेड जास्त वाटतो. ट्यूब बदलली का?"

समोरच्या झुंबरबाईंची नजर मात्र पक्की होती. शिंदखेड्याकडची म्हातारी, आयुष्य शेतात गेलेलं, आता मुलाकडे येऊन दिवसभर दारात बसे. तिने कुंदाबाईंची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला. "तुना कपायले काय जयं वं माय? इस्तरी फिरायी का काय?"

"काही नाही झुंबरआई, बरं आहे सगळं."

"बठ्ठं गुयगुयीत शे," म्हातारी म्हणाली आणि कपाळ सगळं गुळगुळीत झालंय हेच दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पण मधल्या स्नायूला सुट्टी मिळाल्यावर बाजूचे स्नायू शेफारले, आणि कुंदाबाईंच्या भुवयांची टोकं हळूहळू वर चढली. चेहऱ्यावर कायमचा एक भाव आला: अगंबाई, हो का? मग पुढे?

ज्या बाईकडे बघून लोक बोलणं आटोपतं घेत, तिच्याकडे बघून आता लोकांना बोलावंसं वाटू लागलं. दूधवाल्याने म्हशीच्या बाळंतपणाची सगळी हकिकत सांगितली आणि त्या भरात माप कमी भरलं. रिक्षावाल्याने दुप्पट भाडं घेऊन वर मेहुण्याची कोर्टकचेरी ऐकवली. वर्गात एका मुलीने सह्याद्रीच्या रांगा सोडून घरच्या मांजरीच्या पिल्लांचं वर्णन सुरू केलं आणि मग वर्गातल्या सगळ्यांकडेच काही ना काही सांगण्यासारखं निघालं. एका संध्याकाळी दारावर व्हॅक्यूम क्लीनर विकणारा आला. रुपचंदभाऊंनी सवयीने यंत्र पाहिलं, कपाळ पाहिलं, कपाळ निरभ्र होतं, उलट भुवया उत्सुक होत्या. त्यांनी ते यंत्र घेऊन टाकलं. झोप्यांच्या घरात गालिचा नव्हता. ते यंत्र देवघरातली उदबत्तीची राख ओढायला वापरायचं ठरलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने समईची वात ओढली.

सगळ्यात वाईट झालं ते गंधमुक्तीच्या कार्यक्रमात. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे सासरे गेले होते. कुंदाबाईंना खरोखर वाईट वाटलं होतं. गेलेले आबा भले गृहस्थ होते. सहकारी बाई रडत सांगत होत्या, "सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर देईपर्यंत मान टाकली हो..." आणि समोर कुंदाबाई, पुढच्या भागाची वाट बघत असल्यासारख्या. त्या बाई बोलता बोलता थांबल्या. कुंदाबाईंनी जीव तोडून चेहरा पाडायचा प्रयत्न केला. ओठ पडले, गाल पडले, पण भुवया जागच्या हलल्या नाहीत. घरी येताना त्या लताबाईंच्या खांद्यावर रडल्या. लताबाईंना त्या रडताहेत हे खांदा ओला झाल्यावर कळलं. लताबाईंचं स्वतःचं कपाळ फार छान झालं होतं. काही लोकांचं सगळंच छान होतं.

कुंदाबाईंनी एस.टी.डी. बूथवरून मुंबईला फोन लावला. "होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या फेरीला एक थेंब देऊन भुवई खाली आणू."

"पण रविवारी मुलीला बघायला येताहेत हो!"

"वा! मग तर उत्तमच. प्रसन्न दिसाल."

रविवारी फालक मंडळी जीपमधून आली. सुकदेव फालक, त्यांच्या पत्नी, मुलगा, आणि पुढच्या सीटवर नाना आणि अक्का. सुकदेवभाऊ अंगापिंडाने भक्कम, आवाज डिझेल इंजिनाला साजेसा. कुंदाबाईंच्या आठ्यांची कीर्ती धुळ्यापर्यंत पोहोचलेली होती, त्यामुळे ते बिचकतच खुर्चीत बसले. समोर बघतात तर बाई अत्यंत कुतूहलाने त्यांच्याकडे बघताहेत. ते सुखावले. आधी त्यांनी दुकानाचं सांगितलं. मग गिअरबॉक्सचं सांगितलं. गिअरबॉक्समध्ये आयुष्यात कुणी एवढा रस दाखवला नव्हता. त्यांच्या पत्नीने तर नाहीच. ते उठून उभे राहिले आणि हातवारे करून क्लच कसा जळतो ते दाखवू लागले. कुंदाबाई घामाघूम होऊन आठी घालायचा प्रयत्न करत होत्या. कान हलले. नाकपुड्या फुगल्या. कपाळ हसऱ्या तलावासारखं शांत होतं.

हर्षा पोहे घेऊन आली. तिने पाहुण्यांकडे न बघता आधी आईकडे पाहिलं, आणि ट्रे ठेवून ती दाराकडे मागे सरकली. आई त्या माणसाकडे कौतुकाने बघत होती.

"मुलगी पसंत आहे," सुकदेवभाऊ बसत म्हणाले. "लपवाछपवी नको म्हणून आधीच सांगतो. नोकरी सोडावी लागेल. आमच्याकडे सुनेने गाड्या पकडत फिरायची पद्धत नाही. घरात काही कमी नाही."

सगळ्यांनी कुंदाबाईंच्या कपाळाकडे पाहिलं. नानांनी पाहिलं, अक्कांनी पाहिलं. रुपचंदभाऊंनी तर डोळे फाडून पाहिलं. त्यांच्या मनाला हे स्थळ खरं म्हणजे रुचलं नव्हतं, पण सव्वीस वर्षांची सवय. कपाळ साफ होतं.

"मग..." ते चाचरत म्हणाले, "हिची हरकत दिसत नाही. म्हणजे आमचीही..."

"झालं तर!" नानांनी मांडीवर थाप मारली. "मंजुळा, पिशवीतला नारळ काढ. सुपारी फोडूनच टाकू."

अक्कांनी नारळ काढला. त्यांचं लक्ष कुंदाबाईंकडे गेलं आणि त्यांना भरून आलं. "बघा, डोळ्यांत पाणी आलं हिच्या. आनंदाने बोलवत नाही बिचारीला."

हर्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुंदाबाईंनी पाहिलं. जे काम आठ्या नेहमी करत, ते करायला आज घरात दुसरं कुणी नव्हतं.

"थांबा," कुंदाबाई म्हणाल्या.

आवाज इतका लहान होता की फक्त अक्कांना ऐकू गेला. कुंदाबाई उभ्या राहिल्या. "थांबा! नारळ ठेवा आधी तो!"

हा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. मांजर ओट्यावरून आपणहून उतरलं. सुकदेवभाऊंचा मुलगा पोहे खात होता, तो चमचा तोंडात ठेवूनच थांबला.

"माझी हरकत आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "हर्षा नोकरी सोडणार नाही. तिने शिकून मिळवली आहे, आम्ही दिलेली नाही, तर ती सोडायचं आम्ही कबूल कसं करणार? ज्याला नोकरीसकट सून हवी त्याने यावं, आणि तेही तिला विचारून. तुमचं घर चांगलं असेल सुकदेवभाऊ, मी नावं ठेवत नाही. पण नाही म्हणजे नाही."

सुकदेवभाऊंचा चेहरा लाल झाला. "अहो, मग तासभर माझ्याकडे बघून एवढ्या खूष काय होत होतात? घरी बोलावून थट्टा करता आमची?"

नाना उठून उभे राहिले. त्यांचीच मान खाली गेली होती, आणि हे कुंदाबाईंना सहन झालं नाही. त्यांनी श्वास घेतला.

"थट्टा नाही. मी खूष नव्हते. मी आठी घालत होते, ती पडत नव्हती. मी..." इथे त्या थांबल्या. पन्नाशीची बाई, कन्याशाळेतली शिक्षिका. समोर जेठ, जाऊ, नवरा, परकी माणसं. "मी कपाळात इंजेक्शन घेतलं आहे. आठ्या जाण्यासाठी. त्याने भुवया वर गेल्या. त्या दिवशी नाना, तुमच्या पाया पडले नाही, कारण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. अक्का, डास चावले नव्हते. झालं, सांगितलं सगळं. आता हसा."

कुणी हसलं नाही. रुपचंदभाऊ तोंड उघडं ठेवून बायकोच्या कपाळाकडे बघत होते. त्यांना ट्यूब बदललेली नव्हती हे कळलं असावं.

तेवढ्यात सुकदेवभाऊंच्या पत्नी, ज्या आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, हळूच पुढे झुकल्या. "कुठल्या डॉक्टरांकडे हो, ताई?"

सुकदेवभाऊ ताडकन उठले आणि जीपकडे चालू लागले. मुलाने उरलेले पोहे दोन घासांत संपवले आणि कुंदाबाईंना वाकून नमस्कार केला, का ते त्याचं त्यालाच ठाऊक. पत्नी मात्र दवाखान्याचा पत्ता घेतल्याशिवाय हलल्या नाहीत.

जीप गेली. नाना आणि अक्कांना आता एस.टी.नेच जावं लागणार होतं. कुंदाबाई नानांपुढे वाकल्या आणि त्यांनी पायांना हात लावला. नानांनी आशीर्वाद द्यायला जरा वेळ लावला, पण दिला. मग जाता जाता रुपचंदभाऊंना म्हणाले, "बायको बोलायला लागली तुझी. संभाळ." ते रागाने म्हणाले की कसं, हे दोघा भावांनाही नीट कळलं नाही. अक्का मात्र कुंदाबाईंच्या कपाळावरून एक बोट हळूच फिरवून गेल्या.

संध्याकाळी हर्षा आईच्या मांडीवर डोकं ठेवून हसत आणि रडत होती. ती झोपल्यावर रुपचंदभाऊ बायकोच्या शेजारी येऊन बसले.

"कुंदा, म्हणजे तू... इतकी वर्षं... रागावलेली नव्हतीस?"

"कशावर रागावू?"

"मला काय ठाऊक. मला वाटायचं काहीतरी चुकतंय माझं. काय ते कळत नव्हतं, म्हणून मी कशातच पडायचो नाही." मग त्यांना आठवलं. "ते लग्नाच्या वर्षी आपण भाईदासच्या शेतात भरीत पार्टीला गेलो होतो, आठवतं? तू एवढी चिडून बसली होतीस, की दर थंडीला तो बोलावतो आणि दरवर्षी मी त्याला काहीतरी कारण सांगतो."

कुंदाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पऱ्हाट्यांचा धूर जात होता डोळ्यांत!"

"मग भरीत?"

"भरीत इतकं सुरेख होतं की आणखी मागायचं होतं. नवी नवरी, मागू कशी? मग तुम्ही मला परत कधी नेलंच नाही. मला वाटलं, तुम्हालाच आवडत नसेल."

दोघांनी मनातल्या मनात हिशोब केला, किती थंड्या गेल्या त्याचा, आणि दोघांनीही तो मोठ्याने सांगितला नाही. रुपचंदभाऊ उठले, चपला घातल्या आणि जुन्या मित्राकडे, भाईदासकडे, निरोप द्यायला निघाले. दारातून परत वळले. सवयीने त्यांनी कपाळाकडे पाहिलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

कुंदाबाईंना असं कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी जरा विचार केला. "उद्याच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाईदासच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला, हिरवी वांगी काळी पडून तडकू लागली आणि वारा फिरून सगळा धूर कुंदाबाईंच्या अंगावर आला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि वर भुवया तशाच, प्रसन्न. रुपचंदभाऊंना काहीच उमगेना. ते पानावरून उठून त्यांच्या जवळ आले आणि वाकून म्हणाले, "काय झालं? आवडलं नाही का?"

"धूर आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "आवडलं. अजून वाढा."

आणि त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून पान पुढे केलं.